देवळालीचे कापरेकर मास्तर



गणिताच्या शिक्षकाला आपण काही साहित्य हवे का, असे विचारले तर तो लांबलचक यादी देईल. फळ्यावरचा लाकडी कंपास, गुण्या, कोनमापक, घनाकृतींचा संच, आलेखाचा फळा, आणि अलीकडे पडद्यावर चित्रे दाखविणारे यंत्रही. या वस्तू हव्यातच. परंतु इंझोरीसारख्या गावी त्या येईपर्यंत आठवीची मुले दहावीला पोचलेली असतात. म्हणून ज्यांचे सारे साहित्य कागदाच्या एका चिठोऱ्यावर मावेल, अशा एका शिक्षकाची ओळख आज मी आपणांस करून देणार आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष म्हटले की आकडेमोड आलीच. मुलाने ज्योतिष बाजूला ठेवून आकडेमोड तेवढी उचलली, असे म्हणावयास हरकत नाही. माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले आणि पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. तेथे १९२७ साली त्यांना स्वतंत्र गणिती लेखनाबद्दल रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीस ते शाळामास्तर होते. बत्तीस वर्षे एकच गाव आणि एकच पेशा.

आता त्यांचे साहित्य पाहू. विद्यार्थी मित्रांनो, पेन्सिल घ्या. कोणतीही चार अंकी संख्या लिहा, मात्र चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्याखाली तेच अंक चढत्या क्रमाने मांडा आणि वजाबाकी करा. जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करा. शून्य आले तर ते गाळू नका, तोही एक अंक आहे. आपण कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. १९०५ चे अंक ९५१० आणि ०१५९. वजाबाकी ९३५१. पुढे ९५३१ उणे १३५९ म्हणजे ८१७२. मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वेळी ६१७४. आता ६१७४ चे तसेच करून पाहा : ७६४१ उणे १४६७, उत्तर पुन्हा ६१७४! गाडी येथेच थांबते. संख्या कोणतीही घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ती याच स्थानकावर येते.

हे कापरेकरांना १९४६ साली आढळले. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडले. आज जगभर ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

पालक विचारतील, परीक्षेत याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत ६१७४ येईल, असे मी सांगणार नाही. परंतु हातच्याची वजाबाकी नववीतल्या कित्येक मुलांना धड येत नाही, ही गोष्ट आम्ही शिक्षक चारचौघांत बोलत नाही. नववीच्या मुलाला चौथीची उदाहरणे दिली तर त्याला लाज वाटते. कापरेकरांचा खेळ दिला तर तोच मुलगा एका बैठकीत पाच-सात वजाबाक्या करतो. शिवाय प्रत्येक उत्तरास नऊने भाग जातो. अंकांची बेरीज करून तेही पडताळता येते.

हुशार मुलांसाठी पुढची पायरी आहे. उतरत्या क्रमातील अंक अ, ब, क, ड माना. मग वजाबाकी ९९९ (अ – ड) + ९० (ब – क) इतकी येते. बीजगणित कशासाठी शिकायचे, या प्रश्नाला माझ्याजवळ पूर्वी उत्तर नव्हते. मी स्वतः बी.ए., बी.एड. आहे. गणिताचे तास माझ्याकडे निरुपायाने आले, आणि पहिले वर्षभर मी मुलांइतकाच भ्यालेला होतो. या एका ओळीने मला आधी शिकविले, मग मुलांना.

आणखी एक. आपल्या पुष्कळ मुलांची घरची भाषा उर्दू आणि वर्गाची मराठी. शाब्दिक उदाहरण वाचता वाचताच ती दमतात. येथे वाचावयास काही नाही, फक्त आकडे आहेत.

कापरेकरांचे असले पुष्कळ शोध आहेत. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. तसेच २९७ : वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ बरोबर २९७. यांना कापरेकर संख्या म्हणतात. २१ मध्ये तिच्या अंकांची बेरीज ३ मिळविली की २४ होतात, म्हणजे २१ ही २४ ची जननी. परंतु २० ला अशी जननीच नाही. अशा स्वयंभू संख्यांना ते आपल्या गावाच्या नावे देवळाली संख्या म्हणत. १९६३ साली देवळालीहूनच त्यांनी यावर पुस्तिका काढली. डोंबिवलीस त्या काळी डेमलो म्हणत. त्या स्थानकावर सुचलेल्या संख्या डेमलो संख्या झाल्या, उदाहरणार्थ १११ चा वर्ग १२३२१. गावांची नावे आकड्यांना देणारा दुसरा गणिती माझ्या पाहण्यात नाही.

मात्र त्यांच्या हयातीत देशातील बऱ्याच विद्वानांनी हे सारे पोरखेळ मानले. मोठे नाव झाले ते मार्च १९७५ मध्ये, अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा. मास्तर निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. निवृत्तिवेतन पुरत नसल्यामुळे त्यांनी गणित व विज्ञानाच्या शिकवण्या धरल्या होत्या. विद्वानांचे सोडा, ज्याच्या नावाची संख्या जगात आहे, त्या शिक्षकाला म्हातारपणी शिकवण्या कराव्या लागाव्यात, ही बाब मला अधिक खुपते. १९८६ साली ते वारले.

वर्गात मी त्यांची दोन्ही वर्षे फळ्यावर लिहून दिली होती. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी उत्तरपत्रिका कोरी ठेवून उठत असे, तिने वही पुढे केली. १९८६ ची पहिलीच वजाबाकी ९८६१ उणे १६८९, उत्तर ८१७२. १९०५ दुसऱ्या पायरीवर जेथे पोचते तेथेच हे वर्ष पहिल्या पायरीवर पोचते, आणि पुढची वाट दोघांची एक. मी स्वतः हे पाहिले नव्हते. तिने वही परत घेतली आणि आपल्या अब्बांचे जन्मवर्ष मांडावयास बसली.

पालकहो, आपले मूल आज घरी येऊन आपले जन्मवर्ष विचारील. सांगा, आणि वजाबाकी होईपर्यंत जवळ बसा.