दादोबांची पंचेचाळीस वर्षे

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला स्पेलिंग छळते हे खरे. पण त्याला खरा अडवतो तो ‘हॅव’. भोकरदनला आमच्या गल्लीतली आठवी-नववीची मुले संध्याकाळी वह्या घेऊन माझ्याकडे येतात आणि ‘आय ॲट’ व ‘आय हॅव ईटन’ यांत फरक काय, हा प्रश्न दरवर्षी नव्याने विचारतात. बँकेत होतो तेव्हा चांगल्या पदवीधर कारकुनांच्या मसुद्यातही ‘वुई हॅव रिसीव्ड युवर लेटर येस्टर्डे’ असे वाक्य हमखास सापडे. मुलांना नियम सांगण्याआधी मी त्यांना दादोबा पांडुरंग तर्खडकरांची गोष्ट सांगतो. पुष्कळांना वाटते, आजोबा विषय टाळत आहेत.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ चा, मुंबईचा. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खडचे. इंग्रजी शिक्षण मिळालेल्या अगदी पहिल्या पिढीतले हे गृहस्थ. त्या काळी इंग्रजी शिकायचे म्हणजे लिंडले मरे यांचे व्याकरण घोकायचे. मरे मूळचे अमेरिकन वकील. इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिले आणि १७९५ साली त्यांनी लिहिलेले व्याकरण साम्राज्यभर चालले. ते शिकता शिकता दादोबांना असे पुस्तक आपल्या भाषेला का नाही, हा प्रश्न पडला. आपण जी भाषा जन्मभर बोलतो तिलाही नियम आहेत, हे त्यांना परक्या भाषेचे नियम पाठ करताना जाणवले. मला या माणसाचे कौतुक वाटते ते इथेच. १८३६ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. पुढे लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले.

काम सोपे नव्हते. इंग्रजीचा साचा मराठीवर बसवू जावे तर क्रियापदच ऐकत नाही. इंग्रजीत पत्र लिहा नाहीतर चिठ्ठी, ‘आय हॅव रिटन’ बदलत नाही. आपल्याकडे मात्र ‘मी पत्र लिहिले आहे’ आणि ‘मी चिठ्ठी लिहिली आहे’. लिहिणारा बाजूला राहतो, क्रियापद कर्माच्या मागे जाते. मरेंच्या पुस्तकात याला जागा नव्हती. त्यासाठी संस्कृत व्याकरणाकडे वळावे लागे. दादोबांनी दोन्हींचा आधार घेतला.

आता मुलांच्या ‘हॅव’कडे येतो. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ जवळ असणे. पत्र लिहून झाले आणि ते लिहिलेले पत्र आता माझ्याजवळ आहे, अशी ती जुनी रचना. आपल्याकडे हेच काम ‘आहे’ करतो. ‘मी जेवलो’ ही नुसती बातमी झाली. ‘मी जेवलो आहे’ म्हणजे आत्ता पोट भरलेले आहे, पान वाढू नका. ‘बाबा जालन्याला गेले आहेत’ म्हणजे आत्ता घरी नाहीत, उद्या या. शाळेत याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात. त्यातला ‘वर्तमान’ हा शब्द मुले वाचतच नाहीत. क्रिया झालेली असते, पण बोलणे आत्ताविषयी असते.

मात्र दोन ठिकाणी मराठी माणूस फसतो. आपण ‘मी कालच आलो आहे’ असे बिनदिक्कत म्हणतो. इंग्रजीत ‘येस्टर्डे’ म्हटले की ती वेळ संपली, तिथे ‘हॅव’ येत नाही. त्या कारकुनांचे वाक्य इथेच अडे. दुसरी जागा उलटी आहे. ‘मी दहा वर्षे भोकरदनला राहतो’ यात आपल्याला साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला तिथे ‘आय हॅव लिव्ड’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ लागते, कारण राहणे मागे सुरू झाले आणि अजून चालू आहे. आपली भाषा नीट ऐकली तर निम्मा धडा आपोआप येतो, उरलेला पाठ करावा लागतो.

दादोबा केवळ पुस्तकातले पंडित नव्हते. सुरतेला इंग्रजी शाळेत शिकवत असताना १८४४ साली दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. मुंबईत जातिभेद न मानणाऱ्यांची गुप्त परमहंस सभा उभी राहिली, तिच्यामागेही तेच होते. १८५२ पासून ते अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात डेप्युटी कलेक्टर होते. तिथे भिल्लांचे बंड मोडल्याबद्दल सरकारने रावबहादूर केले. समतेची सभा काढणाऱ्याच्या चरित्रात हे पान जरा बोचते. धाकटे बंधू डॉ. आत्माराम हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. त्यांच्या घरी १८७८ साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ टागोर विलायतेला जाण्यापूर्वी राहिले ते इंग्रजी सुधारायला, आणि शिकवणारी होती आत्मारामांची कन्या अन्नपूर्णा.

या साऱ्या धामधुमीत व्याकरण काही सुटले नाही. १८५० ची दुसरी आवृत्ती आली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वानाने त्यांच्या मतांची कसून चिकित्सा केली. दुसरा एखादा डेप्युटी कलेक्टर रुसून बसला असता. दादोबांनी १८६५ साली मुलांसाठी लघुव्याकरण दिले, त्याच सुमारास मोरोपंतांच्या केकावलीवर टीका लिहिली, आणि मूळ व्याकरणात राहून गेलेले भरून काढायला १८८१ साली त्याची पूरणिका काढली. पहिल्या पुस्तकाला तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते वारले. त्यांनी आत्मचरित्रही लिहायला घेतले होते, पण ते १८४६ च्या आसपास येऊन थांबते; अ. का. प्रियोळकरांनी ते संपादून १९४७ साली छापले.