गिटार न वाजवणारा गिटारकार

ज्यांना गिटार वाजवता येत नव्हती, त्यांनीच विद्युत-गिटारीला आजचे रूप दिले, याचे मला नेहमी नवल वाटते. लिओ फेंडर यांचा जन्म १९०९ साली कॅलिफोर्नियात झाला. बालपणीच एक डोळा गेला. मंदीच्या काळात हिशेबनिसाची नोकरी सुटली. पुढे १९३८ साली त्यांनी फुलर्टन येथे रेडिओ-दुरुस्तीचे दुकान थाटले. वादक नादुरुस्त ॲम्प्लिफायर घेऊन येत. त्यांच्या अडचणी ऐकता ऐकता फेंडर शिकत गेले. १९५० साली त्यांनी भरीव लाकडाची गिटार विक्रीस आणली, तर १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर. या गिटारींची दांडी सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवलेली असे. बिघडली की बदलावी, वादन अडू नये! १९६५ साली आजारपणामुळे त्यांनी कंपनी विकली. तरी १९९१ साली मृत्यू येईपर्यंत वाद्ये घडवणे सोडले नाही.

आज त्या जुन्या गिटारीचा एखादा सुटा भाग बदललेला दिसला, तरी संग्राहक तिची किंमत कमी धरतात. कित्येक गिटारी कपाटात मुक्या पडून असतात. मला वाटते, त्या दुरुस्त करून वाजवण्यातच फेंडर यांचा खरा सन्मान आहे.