मुंबईचे महापौर मरहूम युसुफ मेहेरअली

मुंबई शहराला आजवर अनेक महापौर लाभले. त्यांपैकी थोड्यांचीच नावे आज लोकांच्या ओठांवर आहेत. मरहूम युसुफ मेहेरअली हे त्या थोड्यांपैकी एक होत. त्यांच्या नावाचा मार्ग मुंबईत आहे, त्यांच्या नावाची संस्था रायगड जिल्ह्यातील तारा या गावी आहे. परंतु आपल्या मुलामुलींना त्यांचे चरित्र क्वचितच सांगितले जाते. म्हणून हा अल्पसा परिचय.

युसुफ मेहेरअली यांचा जन्म १९०३ साली मुंबईतील एका सधन खोजा व्यापारी घराण्यात झाला. घरात कशाचीही उणीव नव्हती. मनात आणले असते तर वडिलोपार्जित व्यवसायात ते सुखाने राहिले असते. परंतु त्यांना वाचनाचा विलक्षण नाद होता. भरडा हायस्कूलमधील शिक्षण पुरे करून ते एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. पदवी घेतल्यावर त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. मात्र त्यांच्या राजकीय मतांमुळे त्यांना वकिलीची परवानगी नाकारण्यात आली. हाती आलेली विद्या पोट भरण्याच्या कामी येणार नाही, असे दिसताच दुसरा एखादा खचला असता. युसुफभाईंनी ती विद्या देशकार्याला लावली.

१९२८ साली त्यांनी बॉम्बे यूथ लीग ही तरुणांची संघटना उभारली. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला सायमन कमिशन मुंबईच्या धक्क्यावर उतरले. या कमिशनमध्ये एकही हिंदी सभासद नव्हता. युसुफभाई व त्यांचे सहकारी हमालांच्या वेषात बंदरात शिरले आणि सायमन परत जा अशी घोषणा त्यांनी दिली. लाठ्यांचा मार त्यांना खावा लागला, पण ती घोषणा साऱ्या देशात पसरली. पुढे मिठाच्या सत्याग्रहात व नंतरच्या लढ्यांत त्यांना वारंवार तुरुंगवास घडला. १९३४ साली जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता आदी मित्रांसमवेत त्यांनी काँग्रेस समाजवादी पक्षाच्या स्थापनेत भाग घेतला. गरीब शेतकरी व गिरणी कामगार यांच्या पोटापाण्याचा प्रश्न सुटल्यावाचून स्वराज्याला अर्थ नाही, अशी त्यांची धारणा होती. १९३८ साली जागतिक युवक परिषदेसाठी ते अमेरिकेस गेले. हिंदुस्थानविषयी सांगणारी पुस्तके परदेशात फारच थोडी आहेत, हे तेथे त्यांच्या ध्यानात आले. परत आल्यावर पद्मा पब्लिकेशन्सच्या द्वारे त्यांनी ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला.

१९४२ साली महापौरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले, तेव्हा ते लाहोरच्या तुरुंगात होते. निवडणुकीसाठी त्यांची सुटका झाली आणि ते निवडून आले. वयाची चाळिशीही त्यांनी गाठली नव्हती. तोवरच्या महापौरांत इतक्या कमी वयाचा कोणी झाला नव्हता.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. मुंबईचा महापौर हा नगरसेवकांनी निवडलेला असतो व शहराचा प्रथम नागरिक म्हणून त्याला मान असतो. पण कारभाराची खरी सत्ता सरकारने नेमलेल्या म्युनिसिपल कमिशनरच्या हाती असते. त्या काळी महापौराची मुदतही एकच वर्षाची होती. तेव्हा पदाने माणूस मोठा होतो की माणसाने पद मोठे होते, याची परीक्षा तेथेच होते. युसुफभाईंच्या वाट्याला तर महायुद्धाचा काळ आला. रंगून जपान्यांच्या हाती पडले होते आणि बाँबहल्ल्याच्या भीतीचे सावट मुंबईवर होते. अशा वेळी त्यांनी नागरी कारभाराला गती दिली. हवाई हल्ल्यापासून बचावाच्या नावाखाली सरकारने मागितलेला पैसा देण्यास मात्र त्यांनी विरोध केला. लोकांना हा बाणेदारपणा आवडला.

त्याच उन्हाळ्यात महात्मा गांधी नव्या लढ्यासाठी समर्पक घोषणेच्या शोधात होते. चले जाव ही कल्पना सांगणारे क्विट इंडिया हे दोन इंग्रजी शब्द युसुफभाईंनी सुचवले व गांधीजींनी ते पसंत केले, असे त्या काळच्या मंडळींनी नमूद केले आहे. ८ ऑगस्ट रोजी गवालिया टँक मैदानावर ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे धरपकड झाली, तीत मुंबईचे महापौरही होते.

तुरुंगात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सरकारने त्यांना चांगल्या इस्पितळात हलवण्याची तयारी दाखवली. त्यांनी अट घातली की आपल्याबरोबरच्या दोन आजारी कैद्यांनाही तीच सोय मिळावी. सरकारने ते मान्य केले नाही, तेव्हा स्वतःसाठी मिळणारी सवलत त्यांनीही नाकारली. १९४३ साली सुटका झाली, पण प्रकृती कायमची ढासळली होती.

यापुढचा काळ त्यांच्या कसोटीचा होता. मुस्लिम लीगचा जोर वाढला होता. १९४६ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतातील तीसच्या तीस मुस्लिम जागा लीगने जिंकल्या. लीगच्या बाजूला गेले असते तर युसुफभाईंसारख्या नामवंत पुढाऱ्यास जागा अवघड नव्हती. पण त्यांनी आपले मत बदलले नाही. स्वातंत्र्यानंतर दुसरी वाट खुली झाली, ती सत्ताधारी काँग्रेसची. तीही त्यांनी सोडली. १९४८ साली समाजवाद्यांनी काँग्रेसमधून बाहेर पडण्याचे ठरवले, तेव्हा ते आपल्या मित्रांबरोबर राहिले. विरोधी पक्षाच्या वतीने, दुखणाईत शरीराने त्यांनी मुंबई विधानसभेची निवडणूक लढवली आणि १९४९ साली ते आमदार झाले.

विधानसभेत काम करण्यास त्यांना फार अवधी मिळाला नाही. २ जुलै १९५० रोजी, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक त्यानंतर वर्षभराने सुरू झाली. जगले असते तर ते कोठवर पोहोचले असते, याचा तर्क करण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या निधनानंतर मुंबईच्या बसगाड्या, ट्रॅम व आगगाड्या काही मिनिटे जागच्या जागी थांबल्या होत्या. मंत्रिपद न भूषविलेल्या माणसाला शहराने हा मान दिला.

पालकांनी आपली मुले शिकून मोठ्या हुद्द्यावर जावीत अशी इच्छा जरूर धरावी. हुद्दा युसुफभाईंनीही नाकारला नव्हता. महापौरपद त्यांनी स्वीकारले आणि आमदारकीसाठी ते मतदारांपुढे उभे राहिले. मात्र त्यासाठी आपले मत किंवा आपला आजारी सोबती यांपैकी काहीही सोडून देण्यास ते तयार झाले नाहीत. मुलांना शिकवताना एवढी गोष्ट आपण त्यांच्या मनावर बिंबवली, तर आपल्या तालमीचे चीज झाले असे म्हणता येईल.