नावाच्या जागी प्रश्नचिन्ह : बोरिस कार्लॉफ
(द्वितीय वर्ष, कला)

आपल्याकडच्या अग्रलेखांतून 'भस्मासुर' हा शब्द वरचेवर भेटतो. ज्याने निर्माण केले त्याच्याच डोक्यावर हात ठेवायला निघालेली शक्ती, असा त्याचा अर्थ. इंग्रजी लेखक तोच अर्थ सांगायला फ्रँकेन्स्टाइनचे नाव घेतात. गेल्या वर्षी आमच्या इंग्रजीच्या सरांनी मेरी शेलीची ही १८१८ सालची कादंबरी शिकवून संपवली आणि तिच्यावरचा १९३१ सालचा चित्रपट वर्गाला दाखवला. मी मनात भस्मासुर धरूनच बसलो होतो. पडद्यावर निघाले वेगळेच.

प्रयोगशाळेच्या छताची झडप उघडते. आजवर अंधारात ठेवलेल्या राक्षसाच्या तोंडावर उजेड पडतो. तो मान वर करतो आणि दोन्ही हातांनी तो उजेड धरायला जातो. झडप बंद होते. हात तसेच पसरलेले राहतात, मग तो ते आपल्या निर्मात्यापुढे धरतो. बोलता तर त्याला येतच नाही. तोवर वर्गात हशा चालू होता, कारण नव्वद वर्षांपूर्वीचा कृष्णधवल चित्रपट, त्यातले ते चालणे, ते ओरडणे! त्या हातांपाशी हशा थांबला. भस्मासुराला निदान वर तरी मिळाला होता.

फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचे नाव आहे असा पुष्कळांचा समज असतो, माझाही होता. ते त्याला घडवणाऱ्याचे नाव. राक्षसाला नावच नाही. आणि गंमत अशी की चित्रपटाच्या सुरुवातीला पात्रांची यादी येते, तिच्यात राक्षसापुढे नटाचेही नाव नाही, नुसते प्रश्नचिन्ह आहे. अखेरच्या यादीत मात्र नाव येते, बोरिस कार्लॉफ. पुढे ग्रंथालयात या नटाविषयी मिळेल ते वाचू लागलो तेव्हा कळले की तेही नाव खरे नव्हे.

त्याचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म २३ नोव्हेंबर १८८७, लंडनच्या दक्षिण भागात. नऊ भावंडांत हा सर्वांत धाकटा. वडील एडवर्ड प्रॅट हे हिंदुस्थान सरकारच्या मीठ खात्यात अधिकारी होते, म्हणजे ज्या खात्याच्या करापायी पुढे दांडीयात्रा निघाली तेच खाते. आईचे नाव एलायझा सारा. या एलायझाची सख्खी मावशी म्हणजे ॲना लिओनोवेन्स. सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला १८६२ साली गेलेली आणि 'द किंग अँड आय' या संगीतिकेमुळे जगभर ठाऊक झालेली तीच ती ॲना.

हे वाचत असता एका ओळीवर मी थबकलो. ॲनाचा जन्म १८३१ साली अहमदनगर येथे झाला. म्हणजे आमच्या नगरात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात! लष्करातल्या एका सार्जंटची ती मुलगी. तिचे लग्नही १८४९ साली पुण्यात झाले. मात्र हयातभर ती सांगत आली की आपला जन्म वेल्समधला, तोही तीन वर्षे उशिराचा. तिच्या आजोळी हिंदी रक्त असावे असे अभ्यासक मानतात, आणि त्या काळच्या गोऱ्या समाजात तेवढ्यावर माणसाची पायरी ठरत असे. तिने नगर पुसून टाकले. खरे काय ते संशोधकांनी हुडकले तेव्हा १९७०चे दशक उजाडले होते. ॲना १९१५ साली कॅनडात वारली होती आणि तिच्या बहिणीचा नातू विल्यमही हयात नव्हता.

विल्यमच्या बाबतीत ही पायरी लपवता येण्याजोगी नव्हती. दोन्हीकडून आलेला हिंदी अंश त्याच्या रंगावर दिसत होता. भावांइतका पांढरा तो नव्हता, आणि बोलताना 'स'चा उच्चार थोडा चुके. पाय किंचित बाकदार. आईवडिलांचा सहवास फार लाभला नाही, थोरल्या भावंडांनी वाढवले. घराण्याची रीत सरकारी चाकरीची. एक भाऊ, सर जॉन प्रॅट, चीनमधल्या वकिलातीत मोठ्या हुद्द्याला पोचला. विल्यमनेही त्याच वाटेने जावे म्हणून त्याला लंडनच्या किंग्ज कॉलेजात घातले. पण नऊ वर्षांचा असताना नाताळच्या नाटुकल्यात तो राक्षसांचा राजा झाला होता, ते वेड उतरले नव्हते. कॉलेज अर्धवट टाकून १९०९ साली, एकविसाव्या वर्षी, तो कॅनडाला निघून गेला.

कॉलेज सोडले या गोष्टीचे मला कौतुक वाटत नाही. ज्यांच्या घरात कॉलेज तीन पिढ्या आहे त्यांना ते सोडणे परवडते. पण पुढे जे त्याने केले ते सुखवस्तू घरच्या मुलाचे नव्हते. शेतावर मजुरी केली, खड्डे खणले, ओझी उचलली. मग एका फिरत्या नाटक मंडळीत शिरकाव मिळाला आणि तिथे त्याने नाव घेतले बोरिस कार्लॉफ. 'कार्लॉफ' हे आईकडच्या पूर्वजांचे आडनाव असे तो सांगे. त्याच्या मुलीने पुढे शोध घेतला, तिला घराण्यात असा कोणी सापडला नाही.

नाव का बदलले? घराण्याला नटाची लाज नको म्हणून, असे एक कारण देतात. मला वाटते एवढेच नसावे. काळसर रंगाचा प्रॅट म्हटले की लोक विचारणार, हा रंग कुठला? कार्लॉफ म्हटले की कोणी विचारत नाही. कुठल्या तरी दूरच्या, थंडीच्या देशातला असेल म्हणून सोडून देतात. आमच्या वर्गात पहिल्या दिवशी प्रत्येकाने उभे राहून नाव सांगायचे होते. काही मुले नाव मोठ्याने सांगतात आणि आडनावाशी त्यांचा आवाज खाली जातो. मी त्या मुलांपैकी आहे. म्हणून कार्लॉफला भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि त्याने फार छान केले असेही म्हणवत नाही.

हॉलिवूडला तो पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पोचला. तिथे त्याच्या रंगाचा उपयोग झाला तो असा की अरब, मेक्सिकन, हिंदुस्थानी अशी जी खल किंवा गूढ माणसे लागत, ती त्याच्या वाट्याला येत. किपलिंगच्या कथेवरच्या १९२१ सालच्या एका मूकपटात तो अहमद खान झाला आहे. ज्या देशाशी असलेले नाते घराणे झाकत होते, त्याच देशाची सोंगे काढून तो पोट भरत होता! पोटही धड भरत नसे. दोन चित्रपटांच्या मध्ये तो मालमोटार चालवी आणि बांधकामाच्या सामानाची पोती स्वतः चढवी-उतरवी. अशी दहा-बारा वर्षे गेली. लहानमोठ्या ८०च्या आसपास चित्रपटांत काम करूनही रस्त्यावर त्याला कोणी ओळखत नव्हते.

चाळिशी उलटल्यावर 'द क्रिमिनल कोड' या तुरुंगावरच्या नाटकात आणि मग १९३१च्या चित्रपटात त्याने एक थंड डोक्याचा कैदी रंगवला, तेव्हा जरा लक्ष गेले. त्याच वर्षी युनिव्हर्सल स्टुडिओच्या उपाहारगृहात जेवत असताना जेम्स व्हेल या दिग्दर्शकाने त्याला पाहिले. व्हेल इंग्लंडमधल्या डडली गावचा, भट्टीवर काम करणाऱ्या कामगाराचा मुलगा. त्याला कार्लॉफच्या डोक्याचा आणि चेहऱ्याचा आकार आवडला. जी भूमिका आधी 'ड्रॅक्युला'वाल्या बेला लुगोसीसाठी घाटत होती, ती कार्लॉफकडे आली. भूमिकेत एकही वाक्य नव्हते.

जॅक पिअर्स या रंगभूषाकाराने तो चेहरा घडवला. वर सपाट डोके, मानेला दोन्ही बाजूंनी लोखंडी खुंट्या. रोज सुमारे चार तास कार्लॉफ खुर्चीत बसे. पापण्यांवर मेणाचा थर द्यावा ही सूचना त्याची स्वतःची, कारण नुकत्याच जन्मलेल्याचे डोळे इतके जाणते दिसता कामा नयेत. तोंडातली दातांची एक कवळी काढून ठेवली की गाल आत जाई, तीही युक्ती त्याचीच. एवढ्या लेपाखाली नटाला काय मोकळे उरते? डोळे आणि हात. तेवढ्यावर त्याने सगळे केले.

शेवटी राक्षस आपल्या निर्मात्याला खांद्यावर टाकून टेकडीवरच्या पवनचक्कीकडे नेतो. जड बूट, जाड कपडे, आणि खांद्यावर कॉलिन क्लाइव्ह हा उंचापुरा नट. दिग्दर्शकाने हे दृश्य पुन्हा पुन्हा करवून घेतले. कार्लॉफची पाठ त्यात कायमची दुखावली, पुढे शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. खांद्यावर ओझे असताना चढ चढणाऱ्या माणसाचा पाय कसा पडतो ते मी लहानपणापासून पाहिले आहे. त्या दृश्यात मला अभिनय दिसला नाही.

एवढे करून पहिल्या खेळाचे त्याला आमंत्रणही नव्हते. पण चित्रपट तुफान चालला. चव्वेचाळिसाव्या वर्षी तो प्रसिद्ध झाला आणि मुलांची पत्रे येऊ लागली. त्यांना भीती वाटली नव्हती, राक्षसाची दया आली होती. १९३२च्या 'द ममी'च्या जाहिरातीवर तर नुसते आडनाव ठळक अक्षरांत होते. १९३५ साली 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' निघाला, त्यात श्रेयनामावलीतले प्रश्नचिन्ह राक्षसाच्या वधूकडे गेले. त्यात राक्षसाला बोलायला लावले, ते कार्लॉफला पटले नव्हते. मी तो चित्रपट पाहिला. आंधळ्या म्हाताऱ्याच्या झोपडीतला प्रसंग अप्रतिम आहे, तरी माझे मत कार्लॉफच्याच बाजूचे आहे.

पुस्तकांत ज्या गोष्टीला दोन ओळी मिळतात तिथे मला थोडे थांबायचे आहे. १९३३च्या मार्चमध्ये मंदीचे कारण सांगून हॉलिवूडच्या स्टुडिओंनी नटांच्या पगारात निम्म्याने कपात लादली. कामाला तासांचे बंधन नव्हते. तेव्हा मूठभर नटांनी एकत्र येऊन त्याच उन्हाळ्यात 'स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड' ही संघटना काढली. कार्लॉफ तिच्या संस्थापकांपैकी एक, सभासद क्रमांक नऊ. नुकते कुठे नाव झालेले, वीस वर्षांनी दोन पैसे दिसू लागलेले, अशा वेळी मालकांच्या डोळ्यांवर यायला छाती लागते. मोठे तारे पुष्कळसे मागून आले. स्टुडिओंनी संघटनेला मान्यता दिली ती १९३७ साली. तोवर आणि नंतरही अनेक वर्षे तो तिचे काम करत राहिला. नाव बदलणारा कार्लॉफ आणि हा कार्लॉफ एकच माणूस आहे, हे मला जुळवून घ्यायला वेळ लागला.

त्याच १९३३ साली 'द घूल' या चित्रपटासाठी तो चोवीस वर्षांनी इंग्लंडला परतला. वरिष्ठ हुद्द्यांवरच्या भावांना आपली लाज वाटेल या धास्तीत तो होता. भाऊ आले. वृत्तपत्रवाल्यांनी छायाचित्र काढायचे म्हटल्यावर कोणी कुठे उभे राहायचे यावरून त्यांच्यात चुरस लागली. त्याला हायसे वाटले म्हणतात. नाव मात्र कार्लॉफच राहिले.

नंतरची कारकीर्द मोठी आहे, सारे चित्रपट मोलाचे नाहीत. 'द मास्क ऑफ फू मांचू'सारखे काही तर आज बघवत नाहीत, पिवळ्या वर्णाच्या लोकांविषयी इतका द्वेष त्यात आहे. एका मिश्र रक्ताच्या नटाने तो वठवावा याचे वाईट वाटते. पण १९४५चा 'द बॉडी स्नॅचर' जरूर पाहावा. त्यात तो प्रेते पुरवणारा गाडीवान आहे आणि राक्षसाच्या लेपाशिवाय राक्षसाहून भयंकर दिसतो. रंगभूमीवर १९४१ पासून 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' या विनोदी नाटकात त्याने बोरिस कार्लॉफसारखा दिसणारा खुनी रंगवला. आपल्या उसन्या नावाची थट्टा रोज रात्री स्वतः ऐकायची आणि लोकांना हसवायचे! १९५५ साली 'द लार्क'मध्ये जोन ऑफ आर्कचा न्याय करणारा बिशप झाला. मुलांसाठी गोष्टींच्या ध्वनिमुद्रिका केल्या. ज्या 'स'ने लहानपणी त्रास दिला तोच आवाज १९६६ साली दूरचित्रवाणीवरच्या 'ग्रिंच'ची गोष्ट सांगताना घराघरांत गेला, आणि त्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

अमेरिकेत एवढी वर्षे काढूनही त्याने ब्रिटिश नागरिकत्व सोडले नाही. क्रिकेटचा नाद होता, हॉलिवूडमध्येही त्यांचा संघ असे. १९५९ साली तो इंग्लंडला राहायला परतला. अखेरीस फुप्फुसे निकामी होत आली होती, पायांना आधाराच्या पट्ट्या होत्या, तरी काम चालू होते. १९६८च्या 'टार्गेट्स'मध्ये तो जवळजवळ स्वतःच आहे, म्हणजे भयपटांचा एक थकलेला नट. २ फेब्रुवारी १९६९ रोजी ससेक्समधल्या मिडहर्स्ट येथे तो वारला.

एक गोष्ट त्याच्या हयातीत झाली नाही. पहिल्या चित्रपटात तळ्याकाठी एक लहान मुलगी राक्षसाला न भिता फुले देते. दोघे पाण्यात फुले टाकतात, ती तरंगतात. फुले संपतात. मग हीदेखील तरंगेल अशा समजुतीने तो तिला उचलून पाण्यात टाकतो, ती बुडते आणि तो घाबरून पळतो. ते टाकणे कार्लॉफला चित्रीकरणाच्या वेळीच पटले नव्हते. पुढे नियंत्रकांनी ते दृश्य भयंकर म्हणून कापले. त्यामुळे प्रेक्षकांना दिसे ते एवढेच की राक्षसाचे हात मुलीकडे जातात, आणि नंतर बाप तिचे प्रेत घेऊन गावातून चालतो. मध्ये काय घडले असेल ते ज्याने त्याने आपल्या मनातले काळेबेरे घालून पूर्ण करायचे. कापलेला तुकडा चित्रपटात परत जोडला गेला १९८०च्या दशकात. आमच्या वर्गाने पाहिली ती ही जोडलेली प्रत.