इरावतीबाई आणि आकड्यांची साक्ष

बारामती असो वा इंदापूर, सामाजिक पाहणी हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्रज्ञाची आठवण बहुधा माहिती गोळा झाल्यावर होते. अशांनी डॉ. इरावती कर्वे यांचे चरित्र अवश्य पाहावे.

१९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या इरावतीबाई उच्च शिक्षणासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे गुरू ऑयगेन फिशर वंशभेदाचे पुरस्कर्ते होते. कवट्यांच्या मोजमापातून आपल्या मताला पुष्टी मिळावी, ही गुरूंची अपेक्षा. परंतु आकडे तसे सांगेनात, आणि बाईंनी ते निर्भयपणे तसेच मांडले.

पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी महाराष्ट्रातील जातीजमातींच्या शरीरमापनाचा अभ्यास केला. दोन गटांच्या सरासरींतील फरक खरा की योगायोगाचा, हे केवळ मोजपट्टी सांगत नाही. म्हणूनच संख्याशास्त्राचे जाणकार वि. म. दांडेकर त्यांचे सहकारी झाले. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावर दोघांचीही नावे आहेत. साऱ्या पोटजाती एकाच मूळ जातीतून फुटल्या, हा रूढ समज बाईंनी अमान्य केला.

१९७० साली त्या निवर्तल्या. आकड्यांना शेवटची सजावट न मानता आरंभापासूनचा साक्षीदार मानावे, हाच त्यांच्या आयुष्याचा धडा होय.