लेकीचं नाव आकाशात

२०१९ साली एका लघुग्रहाला पंडित जसराज यांचं नाव दिलं गेलं, तेव्हा गाण्यावर प्रेम करणारी आपल्याकडची घरं सुखावली. त्या लघुग्रहाचा क्रमांक ३००१२८. वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने तो वाचला की पंडितजींची जन्मतारीख मिळते : २८ जानेवारी १९३०.

उमेदीची सारी वर्षं बँकेत गेल्यामुळे क्रमांक आणि नाव यांची ही जोडी मला फार जवळची वाटली. आमच्याकडे माणूस आधी येतो, खातेक्रमांक मागून मिळतो. आकाशात रीत उलटी. लघुग्रह सापडला की त्याला आधी तात्पुरती खूण मिळते, भ्रमणकक्षा पक्की ठरली की कायमचा क्रमांक, आणि मग नाव. ते सुचवण्याचा पहिला मान शोधणाऱ्याचा. नाव रोमन लिपीत सोळा अक्षरांहून लांब नको. राजकारणी आणि सेनानी यांची नावं मृत्यूनंतर शंभर वर्षं उलटल्याखेरीज चालत नाहीत. शिक्कामोर्तब आंतरराष्ट्रीय खगोल संघाची समिती करते.

असे काटेकोर नियम नव्हते, त्या काळात एका माणसाने आठ लघुग्रह शोधले आणि त्यांतले पाच आपल्या मद्रासेतून. नॉर्मन पॉगसन त्यांचं नाव.

त्यांचा जन्म १८२९ सालचा, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचा. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत साहाय्यक असताना, १८५६ साली त्यांना पहिला लघुग्रह गवसला. क्रमांक ४२. वेधशाळेचे प्रमुख मॅन्युअल जॉन्सन यांनी त्याला 'आयसिस' हे नाव दिलं. आयसिस ही प्राचीन इजिप्तची देवी. ऑक्सफर्डपाशी थेम्स नदीलाही आयसिसच म्हणतात. आणि पॉगसन यांच्या तीन वर्षांच्या लेकीचं नाव होतं एलिझाबेथ आयसिस! देवतेच्या नावाआडून जॉन्सन यांनी साहाय्यकाच्या लेकीचं कौतुक केलं, असंच आजही मानलं जातं.

त्याच वर्षी लघुग्रहांच्या तेजाचे तक्ते करताना पॉगसन यांनी एक साधा हिशेब मांडला. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या शंभर पट तेजस्वी धरायचा; म्हणजे एका प्रतीचा फरक सुमारे २.५१२ पट. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ आजही हीच पट्टी वापरतात.

१८६१ च्या सुरुवातीला ते सरकारी खगोलज्ञ म्हणून मद्रासला आले आणि एप्रिलमध्येच त्यांनी सदुसष्टावा लघुग्रह शोधला. आशिया खंडातून लागलेला हा पहिलाच लघुग्रह, म्हणून त्याचं नाव 'एशिया'. पुढे ग्रीक कवयित्रीच्या नावाचा 'सॅफो', मग 'सिल्व्हिया', 'कॅमिला' आणि १८८५ साली 'वेरा'. रोम वसवणाऱ्या जुळ्या भावांची आई ती सिल्व्हिया. या लघुग्रहाला दोन चंद्र असल्याचं एकविसाव्या शतकात कळलं, तेव्हा त्यांना त्या मुलांचीच नावं मिळाली : रोम्युलस आणि रेमस. पॉगसन यांनी ठेवलेल्या नावाला असा जवळपास एकशे चाळीस वर्षांनी गोतावळा लाभला.

पण नाव ठेवणं वेगळं आणि मान मिळणं वेगळं. १८६९ साली पॉगसन यांची पत्नी वारली. घराचा भार आयसिसवर पडला. १८७३ पासून ती वेधशाळेत वडिलांची साहाय्यक झाली. रात्रीचे वेध आणि दिवसाची आकडेमोड, दोन्ही तिने सांभाळलं. १८८६ साली वडिलांनी लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी तिचं नाव सुचवलं. कायदेपंडितांनी सनद उघडून पाहिली. तिच्यात सदस्याचा उल्लेख पुल्लिंगी होता. अर्ज मागे घ्यावा लागला.

याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी यांना त्या सोसायटीने १८७२ सालीच सदस्य करून घेतलं होतं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. गोऱ्यांच्या राज्यात काळ्या माणसाला उघडलेलं दार गोऱ्या बाईला मात्र बंदच राहिलं. व्याकरणातल्या एका लिंगाने ते अडवून धरलं. कागदपत्रांतल्या एका शब्दापायी माणसं खिडकीवरून परत जाताना मी नोकरीत पुष्कळ पाहिली आहेत, म्हणून हा प्रसंग मला विसरता येत नाही.

पॉगसन १८९१ साली मद्रासलाच वारले. एकट्या मद्रासेत त्यांनी तीस वर्षं काढली. मुलीला सदस्य झालेलं पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. आयसिस १८९८ पर्यंत वेधशाळेत राबली, पुढे मायदेशी परतली. १९२० साली सोसायटीने तिला सदस्य करून घेतलं. पहिल्या अर्जाला तेव्हा चौतीस वर्षं झाली होती आणि ती सत्तरीकडे झुकली होती.

१९८८ साली तामिळनाडूतल्या कवलूरहून एक नवा लघुग्रह सापडला, त्याला 'रामानुजन' नाव मिळालं. कवलूरची वेधशाळा चालवणारी संस्था आपलं मूळ त्या जुन्या मद्रास वेधशाळेतच सांगते. १९६८ साली सापडलेल्या एका लघुग्रहाचं नाव आहे 'पॉगसन', क्रमांक १८३०. यादीत तो आयसिसच्या पुष्कळ खाली येतो. लेकीचं नाव आपल्या आधी लागलेलं पाहून कुठल्या बापाला वाईट वाटेल?