लक्ष्मीबाई टिळक : अपूर्णाला पूर्णत्व देणारी लेखणी

मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्र मानल्या जाणाऱ्या ‘स्मृतिचित्रे’च्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक यांना शालेय शिक्षण लाभले नव्हते. नाशिकजवळील जलालपूर येथे १८६८ साली त्यांचा जन्म झाला. बालवयातच कवी नारायण वामन टिळक यांच्याशी विवाह झाल्यानंतर त्या पतीकडून लिहावाचायला शिकल्या.

टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर उभयतांची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

१९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपूर्ण होते. लक्ष्मीबाईंनी ते पूर्णत्वास नेले; त्याचा बहुतांश भाग त्यांनीच रचला.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. माहेरच्या सोवळ्याचा जाच, संसारातील ओढाताण, पतीचा लहरी स्वभाव आणि स्वतःची फजिती त्यांनी घरगुती भाषेत, निर्मळ विनोदाने मांडली. पांडित्याचा आव न आणता, जगलेले जसेच्या तसे सांगणे हेच त्यांच्या लेखनाचे सूत्र राहिले.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. ‘स्मृतिचित्रे’चा अपुरा राहिलेला चौथा भाग पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केला.